वगळण्याचे निकष

एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा हजेरी. रोल नंबर सात.
शेजारच्या बाकावरची मुग्धा बिद्रे
माझ्या थोरलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी.
आधी मावशी म्हणाली, मग जीभ चावून मॅडम,
शेवटी दोघींचं सिस्टरवर जमलं.

अभ्यासरजेचा अर्ज नागाळा पार्कातून तीनदा परत आला.
एकदा सही राहिली म्हणून,
एकदा सही भलत्या जागी म्हणून,
आणि तिसऱ्यांदा साहेबांनी सरळच विचारलं :
"सुई येतेच की टोचायला. पुढं आणि काय शिकणार?"
"मोजायला," मी म्हटलं.
त्यांना थट्टा वाटली.

तसं मोजतच आले अठरा वर्षं.
ठोके, थेंब, दोन कळांमधलं अंतर.
पंचगंगा उतरली त्या आठवड्यात
हणबरमळ्याच्या शाळेत, सातवीच्या फळ्यावर
खडूनं मांडलेली तापाची माणसं :
गोठे धुतले तेच पडत होते,
माडीवर बसून राहिलेले नव्हे.
कळवलं वर.
उत्तर आलं, "आकडे पाठवा. निष्कर्ष नको."
चार दिवसांनी त्यांचाही तोच निष्कर्ष निघाला,
पत्रकावर, शिक्क्यासह.
त्या चार दिवसांसाठी ही फी भरली म्हणा.

आता निष्कर्षाचं एक अख्खं प्रकरण माझ्या नावावर. पाचवं.
पण त्याआधी तिसरं.
गरोदरपणातला रक्तक्षय, करवीर तालुका, दोनशे बारा बायका.
वेर्णेकर मॅडमनी लाल पेन टेकवलं :
"कुणाला घेणार ते लिहिलंस. कुणाला वगळणार?"
मुग्धानं तिची फाईल पुढं सरकवली, सगळ्याच लिहितात तसं :
सहा महिन्यांपेक्षा कमी वास्तव्य असलेल्या महिला
वगळण्यात येतील.
मी उतरवून घेतलं.
अक्षर चांगलं आलं होतं.

रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे काढायला गेले
तर कुठूनसा गुऱ्हाळाचा वास.
कारखान्याच्या रस्त्याकडेच्या खोपी डोळ्यांपुढं आल्या.
दिवाळी झाली की येतात, गुढीच्या आत जातात.
बोटांवर धरलं.
पाच महिने.

तारामती सानप. आठवा महिना, डोक्यावर मोळी.
"दिवसा नको सिस्टर, खाडा पडला तर मुकादम कापतो,
रातच्याला घ्या रगत."
ट्रॅक्टरच्या दिव्यात बोट टोचलं होतं मी तिचं.
सहा पूर्णांक चार.
आणि लिहायला जागा नव्हती.
इथल्या रजिस्टरात ती बाहेरची,
तिकडच्या रजिस्टरात गावी नाही.

सकाळी ती ओळ खोडून नेली.
मॅडम म्हणाल्या, "या बायका पुन्हा सापडायच्या नाहीत.
पाठपुरावा सुटेल."
"सुटतोच, मॅडम. तोच विषय आहे."
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"गणित अवघड जाईल तुला."

गेलंच.
मुग्धानं लॅपटॉपवर रात्र रात्र शिकवलं,
मी तिला खोपीत शिरताना वाकायला शिकवलं,
आणि हेही, की वय नंतर विचार,
आधी लेकरांची नावं घे.
एकदा दोघी परतताना चिखलात गाडी रुतली,
तर सानपांच्याच माणसांनी काढून दिली
आणि आम्हालाच ऊस दिला.

परवा आढावा बैठक. माझी खुर्ची दाराजवळ.
कुणीतरी न बघताच म्हणालं,
"सिस्टर, चहाचं बघा जरा."
पाय उठले. अठरा वर्षांची सवय, पायांना कोण सांगणार.
उठलेच होते, तर तशीच पुढं गेले, पडद्यापाशी.
"चहा येईपर्यंत सांगते."
नाव घ्यायचं नाही असा नियम आहे, तो पाळला.
"क्रमांक एकशे एकोणनव्वद," मी म्हटलं.
"वास्तव्य : पाच महिने."